गच्चीवर रस्सी सोडणारा

आधीच सांगते, ही माझ्या सख्ख्या भावाची हकीकत आहे. ज्याला खोटी वाटते त्यानं खुशाल पुढचं पान उघडावं. मला कुणाची मनधरणी करायची नाही.

आणि रात्रीची वाट बघू नका. भर दुपारी घडलंय हे. लख्ख उन्हात.

आम्ही हैदराबादचे. घर नल्लकुंट्यात. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि शहराच्या पश्चिमेला, जिथं नुसते दगड होते, तिथं काचेच्या इमारती उगवत होत्या. अशाच एका इमारतीत, सातव्या मजल्यावर मी नोकरीला होते. अमेरिकेतले डॉक्टर पेशंटच्या नोंदी कॅसेटवर बोलायचे, आम्ही कानाला लावून टाइप करायचो.

आणि माझा धाकटा भाऊ किशोर त्याच इमारतीच्या काचा बाहेरून पुसायचा. मी काचेच्या आत, तो काचेच्या बाहेर. बायका हसायच्या, "त्रिवेणी, तुझा भाऊ डबा मागायला आला बघ खिडकीत."

मला हसू यायचं नाही.

कामाची पद्धत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. किशोर लाकडी फळीवर बसायचा. फळीची रस्सी गच्चीच्या कठड्यावरच्या चाकावरून मागं जायची, तिथं एका लोखंडी खांबाला तिचे वळसे. खांबापाशी एक माणूस बसून रस्सी सोडायचा. खालच्यानं दोन झटके दिले की वरच्यानं थोडी सोडायची. शिवाय कमरेच्या बेल्टला दुसरी रस्सी. पोरं तिला जान की रस्सी म्हणायची. फळी सुटली तर तीच वाचवणार.

किशोरची रस्सी आधी यादगिरी सोडायचा. तेलुगू माणूस, वयानं मोठा. किशोर त्याला अन्ना म्हणायचा आणि घरी आला की बापाचं नाही एवढं त्याचं नाव घ्यायचा. यादगिरी वीतभर रस्सी सोडायचा, थांबायचा, मग पुन्हा वीतभर. घाई म्हणून नाही.

आदल्या वर्षी किशोर वर येत होता. त्याला कठड्यावरून आत घ्यायला यादगिरी वाकला. हात पुढं केला. आणि तोल गेला. लटकणाऱ्याला दोन रस्स्या होत्या, गच्चीवरच्याला एकही नव्हती. वर उभा आहे तो कशाला पडतोय, असं सगळ्यांनी धरून चाललेलं.

किशोरच्या अंगाला घासून खाली गेला तो.

पोरगं महिनाभर धड जेवलं नाही. मी म्हटलं, सोड हे काम. ऐकेल तर शपथ.

आता त्या दुपारचं.

दुसऱ्या दिवशी कुणी बडे पाहुणे यायचे होते. मालकाला इमारतीच्या दोन्ही बाजू एकदम चकचकीत हव्या होत्या. फळ्या दोन, पण रस्स्या कमी. मग मुकादमानं काय करावं? किशोरची जान की रस्सी सोडली आणि दुसऱ्या फळीला बांधली. "एक दिवस का तो काम है," म्हणे.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. किशोर माझ्या खिडकीशी आला. मी हातानंच विचारलं, जेवलास का? त्यानं मान हलवली, नंतर. मग रस्सीला दोन झटके दिले.

फळी खाली सरकली. वीतभर... थांबली... पुन्हा वीतभर.

मी चहाला तळमजल्यावर गेले. आणि बघते तर काय, यादगिरीच्या जागी रस्सी सोडणारा जहांगीर रांगेत उभा. हातात चहाचा ग्लास.

"तू इथं? मग वर कोण आहे?"

"कोई नहीं आपा. गठान मार के आया मैं. दरवाजे को कडी भी लगाया. किशोर सातवें पे बैठा है, वहींच रहता."

"अरे, आत्ता माझ्यासमोर तो खाली सरकला."

जहांगीरचा चेहरा पांढराफटक पडला. ग्लास तिथंच टाकून तो बाहेर धावला, किशोरला हाक मारायला. मी लिफ्टकडे.

गच्चीच्या दाराला जिन्याच्या बाजूनं कडी होती. लावलेली. म्हणजे वर कुणी गेलेलं नव्हतं.

मी कडी काढली.

रणरणतं ऊन. गच्ची मोकळी. चिटपाखरू नाही.

आणि खांबाची गाठ... सुटलेली.

रस्सी चालू होती. सर्र... थांबली. सर्र... थांबली. धरायला कुणी नाही, आणि तिच्या टोकाला माझा भाऊ.

ओरडावं तर जे धरलंय ते सुटेल. पुढं होऊन रस्सी धरावी तर माझ्या एकटीच्यानं ती पेलणार नाही. शेवटी मी हात जोडले.

"अन्ना... तेवढा खाली उतरवून द्या त्याला. पाया पडते तुमच्या."

रस्सी थांबली.

मग उलटी फिरली.

माझा भाऊ वर येऊ लागला. त्या चाकावरून भरलेली फळी ओढायला दोन धट्टेकट्टे गडी लागायचे. ती सरसर वर येत होती.

कठड्यावर आधी किशोरचे केस दिसले. मग चेहरा. तो हसत होता. माझ्याकडे नाही, माझ्या बाजूला बघून.

"अन्ना," म्हणाला. आणि उजवा हात पुढं केला.

समोर कुणी नव्हतं हो. त्याचं सगळं अंग त्या रिकाम्या जागेवर झुकत होतं. मी झेप घेतली, त्याचा डावा हात दोन्ही हातांनी धरला आणि जीव खाऊन ओढला. आम्ही दोघं गच्चीवर आपटलो.

त्याच क्षणी रस्सी सैल पडली. फळी गेली खाली. तिचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

सगळे म्हणाले, यादगिरीनं वाचवलं. किशोरही तेच म्हणतो. मला नाही पटत. जहांगीरनं खालून पाहिलं तेव्हा फळी जमिनीजवळ आली होती; वाचवायचं होतं तर खाली का नाही उतरवलं? ज्या कठड्यावरून स्वतः गेला तिथंच का आणलं?

किशोरचा आता स्वतःचा धंदा आहे, हाताखाली माणसं आहेत. एकालाही बिनबेल्टचा उतरू देत नाही. गच्चीवरच्यालासुद्धा बांधतो.

स्वतः मात्र बांधत नाही.

परवा भांडलेच त्याच्याशी. म्हणाला, "अक्का, मी बांधला तर अन्नाला वाटंल, माझा भरवसा उडाला."

"अरे मूर्खा, तिथं कुणी नव्हतं. हात मी धरला तुझा."

"तू डावा धरलास अक्का."

मग आपल्या उजव्या हाताकडे बघत हळूच म्हणाला, "उजवा त्यानं धरला होता. अजून सोडला नाही."