पेनिमनांना ठाव नाही

मी बाता मारतो हे अर्ध्या मॅसॅच्युसेट्सला ठाऊक आहे, तेव्हा हेही त्यातलंच समजा. जुन्या दप्तरांतून लोकांची आडनावं शोधून देणं हा माझा धंदा. वीस वर्षं धूळ खाल्ल्यावर माणसात खोटं रचायचंही त्राण उरत नाही.

ऑर्फाबाई पेनिमन त्या आडनावाच्या शेवटच्या. वय एक्क्याण्णव, वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेल्या. मागणं एकच.

"वॉरन, माझी माणसं कुठल्या गावात विसावली तेवढं शोध. मला त्यांच्याशेजारी पुरा. आणि जरा हात चालव. तुझ्या चालीनं मला दोनदा मरावं लागेल."

मी शब्द दिला.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी वेस्ट हॅरोच्या नगर-कचेरीत, तळघरात जाऊन बसलो. कुठल्याही गावात पेनिमन सापडायचे ते एकाच जागी, त्या गावाच्या हाकलपट्टीच्या वहीत. त्या काळी उपरं कुटुंब गावात आलं, की उद्या आपल्याला पोसावं लागेल या धास्तीनं गाव शिपाई धाडायचं. तो दारात उभा राहून हुकूम वाचायचा... चालते व्हा. १६९२ साली एका गावात नवरा, बायको, तीन पोरं. धाकटी चार महिन्यांची. १७३१ला दुसऱ्या गावात, १७६४ला तिसऱ्या. नावं तीच. धाकटी चार महिन्यांचीच.

आजोबांची नावं नातवंडांना देतात, अशी मी मनाची समजूत घातली. दमलेल्याची समजूत लवकर पटते.

वेस्ट हॅरोची नोंद १७८९ची. सकाळी वाचली तेव्हा पाच माणसं होती. जेवून येऊन पुन्हा वाचली. सहा. 'एक वृद्धा, नाव ऑर्फा, आज यांना येऊन मिळाली.' शाई बाकीच्या शाईइतकीच विटलेली. खाली शिपायाची ओळ : 'गावात आपलं कुणी आहे का, असं विचारत होते. कुणी नाही म्हणून सांगितलं.'

मी आश्रमात फोन लावला.

"त्या..." परिचारिका हलकेच म्हणाली, "दुपारी बारालाच गेल्या."

जिन्यावरून ओल्या लोकरीचा वास खाली उतरत होता. बंद करायची वेळ झाली म्हणून कचेरीतली लुएला दिवे मालवायला आली.

"घरी जा आता, नाहीतर तुझीच नोंद करीन. आणि बाहेर बाकावर बसलेली ती माणसं तुझी का रे? सहा जणं. बाळ रडतसुद्धा नाही... म्हातारी म्हणते, आमचं इथं कुणी आहे का, विचारा."

एक 'हो' म्हणायचं होतं. तेवढ्यानं ती माणसं कुठंतरी टेकली असती. पण जीभ... जीभ आधीच शिणली होती.

"नाही," मी म्हणालो. "माझं कुणी नाही."

लुएला वर गेली. दार वाजलं. बऱ्याच वेळानं पावलं खाली आली... तिचीच.

"गेली बाई ती सगळी. कुरकुर नाही, काही नाही. म्हातारीनं फक्त तू राहतोस कुठं ते विचारलं."

"सांगितलंस?"

"सांगितलं की. म्हणाली, बाळ दमलंय... दार नुसतं लोटून ठेव म्हणावं."