लाटण्याने ऐकलेली मोटार

कान बंद केल्यावर ऐकू येतं का? नाही ना? मलाही तसंच वाटायचं. पण त्या शनिवारी आमच्या मोटारीने माझं डोकं पार चक्रावून टाकलं.

आजोबांची पेट्रोलवर चालणारी मोटार माझ्या आईपेक्षाही जुनी. आता २०५८ साली रस्त्यावर सगळ्या गाड्या विजेच्या, गपगुमान धावणाऱ्या. जुन्या मोटारींची दरवर्षी तपासणी होते. आमची दुपारी चारला होती, आणि सकाळपासून इंजिन ‘टर्रर्र-टक, टर्रर्र-टक’ करत होतं. त्याआधी दोष सापडला नाही, तर मोटार थेट भंगारात!

आमचा यंत्रमानव कानसेन याने आपले संवेदक (आवाज टिपणारे यंत्राचे कान) इंजिनावर फिरवले.

“दोष पंख्यात आहे. नाही, पट्ट्यात. नाही नाही, पंपात!” सात जागा सांगून झाल्यावर तो म्हणाला, “इंजिनच बदला.”

“अरे, पण बिघडलंय काय?”

“सगळं,” तो म्हणाला. मला रडूच आलं.

माझे आजोबा ध्वनिशास्त्रज्ञ (आवाजाचा अभ्यास करणारे). पण मी पाच वर्षांची असताना आजारपणात त्यांचे कान गेले. आपण बोललेलं त्यांच्या मनगटावरच्या पट्टीवर अक्षरांत उमटतं, ते वाचून ते उत्तर देतात. डॉक्टरांनी एक यंत्र सुचवलं होतं, पण आजोबा हट्टी. “कान रिटायर झाले, विषय संपला,” म्हणतात.

“शाल्मली, लाटणं आण,” ते म्हणाले.

“लाटणं? आजोबा, मोटार बिघडलीय, पोळ्या नाही!”

“आण म्हणतो ना!”

फिरणाऱ्या पंख्यापासून लांब राहून त्यांनी लाटण्याचं एक टोक इंजिनावर टेकवलं, दुसरं स्वतःच्या कानामागच्या हाडावर. डोळे मिटले. “इथे नाही.” मग पंपावर. “इथेही नाही.” मी कानसेनकडे पाहिलं, कानसेनने माझ्याकडे. ज्यांना शेजारी बसून बोललेलं ऐकू येत नाही, ते नक्की काय ऐकत होते?

“सापडला चोर!” आजोबा ओरडले. “ये. वेणी मागे टाक आणि कानांत बोटं घाल. लाटणं मी धरतो.”

कानांत बोटं घालून ऐकायचं? मला काही कळेना. पण लाटणं हाडाला टेकलं मात्र, आणि ‘टर्रर्र-टक’ थेट माझ्या डोक्यात वाजलं!

“आवाज म्हणजे कंपनं (थरथर),” आजोबा म्हणाले. “हवेतून ती चहूकडे पसरतात, पत्र्यावर आपटून परत येतात. म्हणून कानसेन गोंधळला. लाकूड आणि हाड घन. त्यांतून थरथर सरळ पुढे जाते आणि लाटणं टेकवू तिथलीच जास्त येते. हाडातून ती शंखावर्तात (कानाच्या आतल्या, शंखासारख्या वेटोळ्या भागात) पोचते. माझ्या कानाचा पडदा बिघडलाय, शंखावर्त शाबूत आहे.”

चोर होता धुराच्या नळीवरचा पत्रा. त्याचा एक स्क्रू सैल झाला होता, आणि इंजिन थरथरलं की पत्रा वाजायचा. इंजिन बंद करून गार होऊ दिल्यावर कानसेनने स्क्रू आवळला. पुन्हा इंजिन सुरू केलं, तर टर्रर्र नाही की टक नाही. चारच्या तपासणीत मोटार पास झाली.

घरी आलो तरी माझ्या डोक्यातला गुंता सुटला नव्हता. हाडातून आजोबांना इंजिन ऐकू येतं, मग माझा आवाज का नाही?

मी लाटण्याचं एक टोक त्यांच्या कानामागे टेकवलं, दुसरं माझ्या हनुवटीवर, आणि म्हटलं, “आजोबा.”

त्यांनी पट्टीकडे पाहिलंच नाही. “पुन्हा म्हण,” ते म्हणाले.

“आजोबा!”

“तुझा आवाज बदललाय गं,” त्यांचे डोळे भरून आले. “अगदी तुझ्या आईसारखा झालाय.”

“आणि डॉक्टरांचं ते यंत्र?”

“हाडावरच बसवायचं असतं ते. म्हणजे छोटंसं लाटणंच की! मोटारीला लावलेली अक्कल मी स्वतःला लावलीच नाही.” त्यांनी डोळे पुसले. “सोमवारी डॉक्टरांकडे जाऊ. मोटारीनेच जाऊ आणि येताना तू वाटभर बोलत राहा.”