एकेचाळिसावा खांब

"बारा वाजता समिती बसतेय, आणि तू बर्फाला बोटं लावत उभी!" क्लाइव्ह रज वैतागून म्हणाला.

त्याचे पाय बधिर झाले होते, सकाळपासून चहाचा पत्ता नव्हता, आणि उना पॅस्को तोंड उघडायला तयार नव्हती. उना खासगी तपासनीस, त्याआधी वीस वर्षं हवामान खात्यात. क्लाइव्ह तिची गाडी चालवायचा आणि तिच्या वाटची घाईही करायचा.

टॅम्सिन ओक्स ही वाटाडी परवा वादळात एका पाहुण्याला घेऊन कड्यावरून लॉजकडे येत होती. हाताचा पंजा दिसत नव्हता. वाटेलगतच्या खांबांच्या आधाराने चालता चालता दोघं कड्याबाहेर लोंबणाऱ्या बर्फाच्या छज्ज्यावर गेली. छज्जा तुटला, पाहुण्याचा खुबा मोडला. टॅम्सिन एकच सांगत होती, "मी चाळिसाव्या खांबावरून एकेचाळिसाव्याकडेच गेले." पण काल दुपारी चौकशीवाले आले तेव्हा खांब जागच्या जागी होता, छज्ज्यापासून तीस पावलं पश्चिमेला. आज बाराच्या समितीत तिचा परवाना जाणार होता.

"सगळ्या खांबांवर पिसांसारखा बर्फ पश्चिमेकडे वाढलाय," उना म्हणाली. "एकेचाळिसाव्यावर पूर्वेकडे. त्याची नंबराची पाटीही वाटेकडे पाठ करून."

"मग?"

"मग चहा."

लॉजच्या स्वयंपाकघरात म्हातारा डग ट्रँटर सूप ढवळत होता.

"परवा वारा पश्चिमेचाच होता?"

"दिवसभर. संध्याकाळी पडला. काल सकाळी नुसतं धुकं, शेजारचा खांब दिसेना."

"वर कोण गेलं होतं?"

"मी नाही, बाई. माझे गुडघे बघा. इथे होतो मी आणि लीथ, तिसरं कुणी नाही."

"खांबावर बर्फ कुठल्या बाजूला धरतो?"

"वाऱ्याच्या तोंडावर! तीस वर्षं खरवडतोय."

गॉर्डन लीथ शेडमध्ये बर्फावर चालणारी स्नोमोबाइल पुसत होता. क्वीन्सलँडच्या उष्ण किनाऱ्यावरचा हा गडी, डोंगरातला त्याचा पहिलाच हिवाळा.

"मी कशाला वर जाऊ? मशीन बंद होतं."

"बर्फ कुठल्या बाजूला धरतो रे?"

"आडोशाच्या बाजूला. वाऱ्यासमोर टिकेल का तो?"

क्लाइव्हने मान डोलावली. त्यालाही तसंच वाटत होतं. अकरा वाजून गेले होते, आणि ही बाई शाळेतल्यासारखी परीक्षा घेत होती. त्याला ओरडावंसं वाटलं.

उनाने सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. टॅम्सिन दाराशीच उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता.

"वारा गोठणारं धुकं खांबावर आपटतो, म्हणून बर्फ वाऱ्याकडे वाढतो," उना म्हणाली. "एकेचाळिसाव्यावरचा उलटा आहे. म्हणजे वादळ संपल्यावर तो उपटून पुन्हा रोवलाय."

"घाईत उलटा बसला असेल," क्लाइव्ह म्हणाला.

"घाईतला माणूस पाटी वाटेकडे करून रोवतो. याने पाटी पाठमोरी करून बर्फ पूर्वेला, आडोशाकडे फिरवला, तिथेच तो शोभेल असं वाटून. डगने ही चूक केली नसती. धुक्यात शेजारचे खांब दिसले असते, तर तूही केली नसतीस, लीथ."

लीथच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"स्नोमोबाइलमागची घसरगाडी खांबापाशी वळत नव्हती," तो पुटपुटला. "वादळाच्या आदल्या दिवशी खांब काढून कड्याच्या टोकाशी रोवला. परत लावणारच होतो हो... मग वादळच आलं. काल सकाळी धुक्यातच परत लावला."

"आणि दोन दिवस मला मूर्ख ठरू दिलंस?" टॅम्सिनचा आवाज फुटला. "मला स्वतःलाच वाटायला लागलं होतं, की मी मोजायला चुकले!"

उनाने समितीला फोन लावला. ट्रँटरने टॅम्सिनपुढे सूप ठेवलं, पण ती केव्हाच बाहेर पडली होती.

क्लाइव्हने खिडकीतून पाहिलं. कड्यावर टॅम्सिनने एकेचाळिसावा खांब हिसडून उपटला, पाटी वाटेकडे केली, आणि बुटाने बर्फ चेपत राहिली. मग पंचवीस पावलं मागे जाऊन चाळिसाव्याला हात लावला आणि मोजत पुन्हा चालत आली.