पोस्टकार्डाचं पॅकिंग

इंजिनाच्या सांध्यातून तेल गळू नये म्हणून घालायचं पॅकिंग निवडताना मी आधी जागा बघतो. हेडला तांब्याचं, कारण तिथं उष्णता आणि दाब दोन्ही असतात. खालच्या तेलाच्या टाकीला कॉर्कचं. आणि जिथं नुसतं तेल उडतं, दाब नसतो, तिथं कागदाचं. जुन्या गाडीचं तयार मिळत नाही, तेव्हा हातानं करावं लागतं. जाड कागद जागेवर धरायचा आणि हातोडीच्या गोल बाजूनं कडेकडेनं हलके ठोकत जायचं. लोखंडाची धारच कागद कापते. बोल्टच्या भोकावर बेअरिंगची गोळी ठेवून एक टोला दिला की कागदाची गोल टिकली सुटून पडते.

होटगी रोडवर माझं पत्र्याचं गॅरेज आहे. या मे महिन्यात मोहोळकडच्या इंद्रजीतनं एक अँबॅसिडर ओढून आणली. त्याच्या आजोबांची, पासष्ट सालची. तीस वर्षं ती केळीच्या शेडमध्ये उभी होती.

"मामा, शुक्रवारी माझा साखरपुडा हाय," तो म्हणाला. "पोरीकडच्यांनला आज्ज्याची गाडी बघायचीच हाय."

"गाडी यील. तू येळंवर पोच म्हंजे झालं."

गाडी मला ओळखीची होती. चौऱ्याऐंशी साली तिचा इंजिनावरचा पेट्रोल पंप काढून मी विजेवरचा बसवला होता. जुन्या पंपाच्या भोकावर तळहाताएवढी लोखंडी पट्टी दोन बोल्टांवर आवळून ते बंद केलं होतं. पट्टीखाली कागदाचं पॅकिंग.

सोमवारी मी ती पट्टी खोलली. चाळीस वर्षं तेलात राहिलेला कागद काळा आणि ठिसूळ होतो. पात्यानं खरवडून काढावा लागतो. हा अलगद हातात आला. कोरडा होता. तेलाचा एक ठिपका नव्हता. पोस्टकार्डाचा पिवळा तुकडा, त्यावर निळ्या शाईची अक्षरं.

ते कार्ड मला आठवलं. पोस्टमन कामाच्या टेबलावर टाकून गेला होता. स्पेअरपार्टवाले माल आला की तशी कार्डं टाकत. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. कार्ड चांगलं जाड दिसलं, म्हणून मी तेच पट्टीखाली घातलं. साठी उलटल्यावर मी विहारातल्या वर्गात लिहायला शिकलो. आता वाचता येतं.

तुकड्यावर लिहिलं होतं, "यशवंता, बजाला घेऊन ये. मी", मग बोल्टचं भोक. त्यानंतर "स्टेशनला थांबलो आहे." खालच्या ओळीत दुसरं भोक, आणि "पर्यंत वाट बघेन."

यशवंता म्हणजे मी, आणि अक्षर माझ्या थोरल्या भावाचं, कुंडलिकचं होतं. गॅरेजची पाटी त्यानंच रंगवलेली आहे, आणि त्या पाटीवरूनच मी नंतर अक्षरं गिरवली. पाटीवरचा ज आणि 'बजा'तला ज एकाच हातचा होता.

चौऱ्याऐंशी सालीच कुंडलिकनं एका गिऱ्हाइकाचं हेड वाकडं आवळलं, आणि मी चार लोकांत म्हणालो, "दादा, तुझ्या हातानं इंजिन मरतं." तो हात न पुसता निघून गेला. परत आला नाही. चिठ्ठी नाही, निरोप नाही, असंच सगळे म्हणत आले.

बजाबाई म्हणजे त्याची बायको, माझी वहिनी. तेव्हापासून ती आमच्याच घरात आहे. आता चौऱ्याहत्तरीची. घर गॅरेजच्या मागंच आहे. रोज दुपारी ती माझा डबा घेऊन येते, टेबलावर ठेवते आणि विचारते, "काय हाय का?"

टपाल, असं तिला म्हणायचं असतं.

"न्हाय, वैनी," असं मी चाळीस वर्षं सांगत आलो.

त्या दुपारीही तेच सांगितलं. कार्ड माझ्या खिशात होतं.

मग नवीन पॅकिंग केलं. बाजारातला तयार कागद घेतला, कापला, बसवला. इंजिन चालू केल्यावर पट्टीच्या कडेनं तेल आलं. पट्टी काचेवर ठेवून तपासली, सरळ होती. दुसऱ्यांदा कॉर्क घातलं. तेल आलंच. त्या जागी दाब नसतो. तिथून तेल यायचं कारण मला आजही सांगता येत नाही.

मंगळवारी सकाळी मी एका नव्या खोक्याचा पुठ्ठा घेतला. दोन्ही बाजूंनी पांढरा, कोरा. पट्टीवर धरून कडा ठोकल्या. भोकांवर गोळी ठेवून दोन टोले दिले. दोन टिकल्या टेबलावर पडल्या.

फडक्यानं झटकणार, तेवढ्यात त्यांच्यावर निळं काही दिसलं.

मी चष्मा पुसला. एका टिकलीवर "दुधनी" लिहिलं होतं. दुसरीवर "उद्या".

पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला. पांढराच होता. खिशातलं कार्ड काढून टिकल्या भोकांत ठेवल्या. बरोबर बसल्या. अर्ध्यात तुटलेल्या रेघा एकमेकींना मिळाल्या.

दुधनी इथून दोन तासांवर आहे.

कार्ड पोचायला तेव्हा तीन-चार दिवस लागत. त्यावर "उद्यापर्यंत वाट बघेन" असं कोण लिहितं?

दुपारी वहिनी आली. डबा ठेवला.

"काय हाय का?"

"हाय," मी म्हणालो.

सगळं सांगितलं. कार्ड मी कापलं, हेही सांगितलं. मला वाटलं, ती रडेल, नाहीतर मला बोलेल. तिनं कार्ड हातात घेतलं, पदराच्या टोकानं पुसलं आणि उलटं धरून बघत राहिली. तिला वाचता येत नाही.

"म्हंजी त्यांनी बोलावलं हुतं मला."

"व्हय."

"आन मी म्हनत हुते, टाकून गेलं." मग ती म्हणाली, "कवापतुर थांबत्यात?"

"उद्यापतुर, असं लिवलंय."

"मग उद्या जाऊ की."

"वैनी, चाळीस वर्सं झाली."

"उद्या म्हनलंय न्हवं? मग उद्याच." तिनं डबा माझ्याकडं सरकवला. "जेव आता. गार हुतंय."

संध्याकाळी मी तेच कोऱ्या पुठ्ठ्याचं पॅकिंग बसवलं. इंजिन तासभर चालू ठेवलं. पट्टी कोरडी राहिली. इंद्रजीतला फोन केला.

"लांबची ट्रायल मारू का? दुदनीपतुर?"

"मारा की. वाटंत बंद पडली तर मात्र ढकलत आना," तो हसला.

बुधवारी सकाळी वहिनी हिरवं लुगडं नेसून आली आणि मागच्या सीटवर मधोमध बसली. अक्कलकोट मागं टाकून अकराच्या सुमाराला दुधनी स्टेशनला पोचलो. फलाटाच्या टोकाला लिंबाखाली एक सिमेंटचा बाक होता. त्यावर कोणी नव्हतं.

"तू हितंच थांब," ती म्हणाली.

मी गाडीत बसून पाहत होतो. ती बाकावर एका टोकाला बसली. मध्ये एक मालगाडी आली आणि बराच वेळ जात राहिली. ती गेल्यावर दिसलं, वहिनी उठून परत येत होती. वाट चांगली रुंद होती, तरी ती एका कडेनंच चालत होती.

उजव्या बाजूचं मागचं दार तिनं उघडलं. जरा थांबली. मग आत बसली, उजव्या कोपऱ्यात. दार लावलं.

गाडीची डावी बाजू खाली बसली.

जुन्या गाडीचे स्प्रिंगचे पाटे थकलेले असतात, असं मी मनाशी म्हणालो. पण जाताना ती सरळ होती. येताना स्टिअरिंग डावीकडं ओढत होतं. प्रत्येक गतिरोधकावर मागचा डावा पाटा रबराला टेकून दणका देत होता. गडीमाणूस बसल्यावर देतो तसा.

मी आरशात बघितलं नाही.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या दुपारी वहिनीनं मला "काय हाय का?" असं विचारलं नाही.

घरासमोर मी गाडी बंद केली. खाली उतरून बाजूला उभा राहिलो.

वहिनी उतरली. उजवी बाजू वर आली. डावी तशीच खाली राहिली.

तिनं दार लावलं नाही. हातानं उघडं धरून ती उभी राहिली, घाई नसल्यासारखी.

मग डावी बाजू वर आली. उजवी क्षणभर खाली गेली आणि तीही वर आली.

तेव्हा वहिनीनं दार लावलं.