एकवीस दिवसांचा अबोला

वडनेर भोलजीच्या स्टँडवर कुणालाही विचारा, ‘काय बे सागऱ्या’ चॅनल म्हटलं की खताच्या दुकानावरची खोली दाखवतील. रोज दुपारी चारला सागर तिथून लाइव्ह यायचा. गोळीबाराचे गेम खेळणारी पोरं गल्लोगल्ली आहेत, त्याच्याहून चांगली खेळणारीही आहेत; पण गोळ्या अंगावर येत असताना दुश्मनाला “थांब बे, चहा पिऊन येतो” म्हणणारा हा एकटाच. या बडबडीवर तीन वर्षांत दोन लाख लोक जमले. व्हिडिओची काटछाट आणि कमेंट थोरली बहीण अपेक्षा सांभाळायची. ती बीएस्सी झालेली, कशावर चटकन विश्वास ठेवणाऱ्यांतली नव्हे.

ओरडून ओरडून सागरच्या घशात गाठ आली. अकोल्याच्या डॉक्टरांनी ती काढली आणि बजावलं, एकवीस दिवस एक शब्द नाही, कुजबुजही नाही. सागरनं पाटी-पेन्सिल घेतली. लाइव्ह चुकला तर लोक पांगतील या धास्तीनं त्यानं मुक्यानंच खेळायचं ठरवलं. अपेक्षानं माइक काढून कपाटात ठेवला, कॅमेरा बंद केला आणि पडद्यावर सूचना लावली: ऑपरेशन झालं, भाऊ बोलणार नाही.

पहिल्याच दिवशी कमेंट आली, “आवाज बारीक येऊन राह्यला भाऊ, पण मजा आली.” कुणीतरी थट्टा करतंय, असं तिला वाटलं.

चौथ्या दिवशी कमेंटमध्ये शेकडो लोक एकाच क्षणी हसले. पडद्यावर तेव्हा सागरचा गडी नुसता भिंतीआड बसला होता. तिनं रेकॉर्डिंग लावून पाहिलं. पावलं, गोळ्या, बाकी काही नाही.

जळगाव जामोदचा शिवम पहिल्यापासूनचा प्रेक्षक, ओळखीचा. तिनं त्याला फोन लावला.

“तुले आवाज येते काय रे?”

“हाव ताई. काऊन?”

“काय बोलला आज?”

“लहानपणी बाबाचा चष्मा चुलीत पडला, अन् नाव बकरीवर ढकललं, ते. लय हसलो.”

चष्म्याची गोष्ट भावा-बहिणीखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती. अपेक्षानं फोन ठेवला. “बंद कर हे,” ती सागरला म्हणाली. त्यानं प्रेक्षकांचा आकडा पाहिला, दुप्पट झाला होता. पाटीवर लिहिलं, “चालू दे.”

बाविसाव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी घशात दुर्बीण घातली. “घसा स्वच्छ आहे. बोला आता.”

सागरनं तोंड उघडलं. नुसती हवा आली.

डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं आणि नागपूरच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. परतीच्या बसमध्ये सागर आवाज न करता रडत होता. आपणच हे थांबवायला हवं होतं, असं वाटून अपेक्षाला स्वतःचा भयंकर राग आला.

“आज शेवटचं,” तिनं बजावलं.

चार वाजले. खेळ सुरू झाला, कमेंट येऊ लागल्या.

“भाऊ, आज ध्यान कुठं हाये?”

“हाका काऊन मारून राह्यला?”

“हे अपेक्षाताई कोण?”

चॅनलवर तिचं नाव कधीच घेतलेलं नव्हतं. तिनं शेजारी पाहिलं. सागरचे ओठ मिटलेले होते.

“रडून राह्यला भाऊ. कोणी सांगा ना तिले.”

तिला राहवेना. माइक नव्हता, तरी ती मोठ्यानं म्हणाली, “सागर, मी इथंच आहो रे.”

कमेंट थांबल्या.

मग शिवमचं नाव दिसलं.

“ताई, भाऊ विचारून राह्यला, तुह्या बाजूले बसला तो कोण हाये?”