एवढं एक नाव सोडून

“बोट आधी, राजेश्वरी... आणि नाव लगेच. मधे श्वाससुद्धा नको.”

आमच्या कॉलेजातल्या फ्रेंचच्या बाईंचा हा आवाज. बारीक, खडूसारखा कोरडा. त्याला आता सात वर्षं झाली, बाई सांगली सोडून गेल्या, पण शिकवायची त्यांची रीत मी जशीच्या तशी उचलली. वस्तूवर पट्टी रोखायची नि विचारायचं, ‘केस्क से?’ – हे काय आहे? माणसावर रोखली तर ‘की एस?’ – हे कोण? उत्तर सुरू करायचं ते एका इवल्याशा शब्दानं. ‘से’. हा आहे, ही आहे, हे आहे... सगळं त्या एकात मावतं. पुढं नाव जोडलं की झालं. माझ्याकडं येणाऱ्या कुणालाही याला दोन तास पुरतात.

वीरधवलला तीन महिने पुरले नाहीत.

भेटला तोच वैताग घेऊन. जानेवारीतला रविवार होता. गूळ बाजाराजवळच्या आमच्या गल्लीत ढेपांचा हातगाडा आडवा झालेला. अलीकडं भाजीची पिशवी घेऊन मी अडकलेली, पलीकडं मोटारसायकलवर तो. हळदीच्या पेठेतून आला असावा, कॉलरपासून भुवयांपर्यंत पिवळा. लग्न ठरायच्या आधीच हळद लागल्यासारखा. त्यानं गाड्यावरून मलाच विचारलं, “आवं, जरा ऐकता का? फ्रेंच शिकवणाऱ्या म्हाताऱ्या बाई हितं कुठं ऱ्हात्यात?”

माझं वय सव्वीस. म्हाताऱ्या कुणी सांगितल्या, असं विचारलं तर म्हणाला, फ्रेंच शिकवायचं म्हंजे वय झालेलंच असणार की. मी त्याला वरचा मजला दाखवला. म्हटलं, लय कडक आहेत, जपून जा. दहा मिनिटांनी पट्टी घेऊन मीच त्याच्यापुढं उभी राहिले, तेव्हा त्या पिवळ्यावर असं तांबडं चढलं, की मला हसू दाबता दाबेना.

ते हसू तेवढंच. पुढं नुसती कटकट.

तो शिरवळच्या एका कारखान्यात यंत्रं जुळवायचा. घर इथंच, सांगलीजवळ माधवनगरला. शनिवारी घरी यायचा आणि रविवारी सकाळी माझ्याकडं. कारखान्याचे मालक फ्रेंच, ते त्याला दहा महिन्यांसाठी फ्रान्सला, लियोंला पाठवणार होते. अट एकच. मार्चअखेर पुण्याला फ्रेंचची तोंडी परीक्षा पास व्हायची.

आणि शिकायला तो चांगला होता, हेच तर दुखणं. खुर्चीवर पट्टी गेली की खुर्ची, खिडकीवर गेली की खिडकी. सोनमवर गेली की लगेच, ‘से सोनम’. सोनम माझी दुसरी विद्यार्थिनी, मोठ्या हॉटेलात नोकरी मिळावी म्हणून शिकणारी. मग मी पट्टी स्वतःकडं वळवायची. ‘की एस?’

त्याचा हात खिशात.

रुमाल काढायचा. पंख्याकडं बघायचा. एकदा तर घाम पुसत ‘से... मॅडम’ म्हणाला. मी म्हटलं, मॅडम हा हुद्दा झाला, नाव सांगा. तर पाणी प्यायला उठला. तांब्यातलं सगळं पाणी संपवून आला.

सोनम तोंडाला वही लावून हसायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नमुना म्हणून मी पट्टी त्याच्यावर धरायची आणि ठणकावून म्हणायची, से वीरधवल. पुन्हा एकदा, से वीरधवल. असं बोट दाखवायचं, असं नाव घ्यायचं, काय अवघड आहे यात? मी जितक्या वेळा म्हणायची तितका त्याचा चेहरा उतरायचा.

एका रविवारी मी घरच्यांचे फोटो आणायला सांगितले. त्यानं चुलतभावाच्या लग्नाचा आल्बमच आणला. से तानाजीकाका. से धोंडुआत्या. जेवणाच्या पंगतीत घुसलेल्या कुत्र्याचंसुद्धा नाव घेतलं त्यानं. आल्बम मिटल्यावर मी हळूच पट्टी माझ्याकडं वळवली... आणि त्याला मोटारसायकल सावलीत लावायची आठवण झाली.

म्हणजे कुत्र्याचं नाव ध्यानात राहतं. माझं नाही.

राग होता, पण निव्वळ राग असता तर बरं झालं असतं. वर्गाला त्रास नको म्हणून तो गल्लीच्या तोंडालाच इंजिन बंद करायचा आणि गाडी ढकलत आणायचा. ते इंजिन थांबलं की माझा खडू थांबायचा. सोमवारी फळा पुसताना त्यानं लिहिलेल्या ओळीपाशी फडकं अडायचं. मग आठवायचं, की या माणसाला माझं नावही येत नाही, आणि मी फळा खसाखसा पुसायची.

परीक्षेआधीचा शेवटचा रविवार आला. सोनम आली नव्हती. बाहेर ऊन रटरटत होतं, खालून नव्या गुळाचा वास जिन्यानं वर चढत होता. मी पट्टी उचलली, स्वतःकडं केली आणि सांगितलं, की मंगळवारी परीक्षेत नेमकं हेच विचारतील. नाव आलं नाही तर लियों विसरा. आज नाव घेतल्याशिवाय मी तुम्हाला जिना उतरू देणार नाही.

त्यानं टेबलावरच्या खडूच्या भुकटीत बोट फिरवलं. मग खाली बघूनच बोलायला लागला. त्याचे वडील लालासाहेब, म्हणजे घरचे आबा, मिलिटरीतून निवृत्त. रेशनकार्डाच्या वेळी कचेरीतल्या साहेबानं बायकोचं नाव विचारलं, तर आबांनी कागद मागून घेतला आणि त्यावर लिहून दिलं. छत्तीस वर्षांत आईचं नाव त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. आईनंही त्यांचं घेतलेलं नाही.

“आमच्यात न्हाई घेत,” तो म्हणाला. “जी आपली, तिचं नाव तोंडानं न्हाई घेत.”

पट्टी माझ्या हातात तशीच राहिली.

“पहिल्या रविवारीच ठरलं हुतं माझं. जिन्यावरनं वर आलो तवाच. पण तुमी... दर आठवड्याला माझं नाव घ्यायचा, धडाधडा, दहादहांदा. मला कळत हुतं, ह्यांच्या मनात काय न्हाई. असतं तर असं घेतलं नसतं.”

मला हसावं की पट्टी फेकून मारावी, कळेना. तीन महिने! तीन महिने मी जीव तोडून शिकवत होते, आणि मी शिकवत होते काय, तर दर रविवारी त्याला नकार देत होते. मी म्हटलं, “म्हणजे तुम्ही एकट्यानंच सगळं ठरवून मोकळे झालात? मला विचारायचं कुणी?”

“विचारणार कसं? तुमी तर लय कडक.”

“आणि मंगळवारी? तिथं काय रुमाल काढणार आहात?”

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. डोळ्यांत जरा खट्याळपणा आला होता. “परीक्षेत तुमचा फोटो कोण दाखवणार हाय, मॅडम? ते आपलं त्यांच्याकडची माणसं दाखवणार. ती समदी मला येत्यात की.” थांबला. मग अगदी हळू, जपून विचारलं, “परीक्षेत तुमचं नाव कुणी इचारणार न्हाई, हे तुमाला ठावं हुतंच की... मग एवढं तीन महिनं माझ्या मागं का लागला हुता?”

खाली कुणीतरी ढेप फोडत होतं. एक घाव, दुसरा घाव. उत्तर माझ्यापाशी कधीचं होतं. मी पट्टी टेबलावर ठेवली.

“परीक्षेचं खोटंच होतं,” मी म्हटलं. “मला ऐकायचं होतं. तुमच्या तोंडून माझं नाव कसं उमटतं, तेवढं फक्त ऐकायचं होतं... पण आता राहू दे. आता जन्मभर नाही घेतलंत तरी चालेल.”