हाय म्हणजे आहे

यायचं होतं भाविकाच्या आईला. तिला ताप आला, म्हणून भाविकाला खालापूरहून तिचा काका घेऊन आला — साईनाथ. ओल्या चपला बाहेर काढाव्यात की आत आणाव्यात, यातच तो दारात घुटमळला आणि मला उगाच हसू आलं.

मी अक्षदा, मूळची पुण्याची. कर्जतच्या आमच्या केंद्रात उशिरा बोलणारी, न बोलणारी मुलं येतात. शिकवण्याआधी मुलाला काय आवडतं, काय येतं, ते पाहायचं. विचारून नाही... समोर दोन वस्तू ठेवायच्या आणि हात कुठे जातो ते बघत राहायचं. चार वर्षांच्या भाविकाने बाहुलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. साबणाच्या फुग्यांची बाटली मात्र दर वेळी उचलली.

मग ती बाटली डब्यात लपवून मी डबा हलवला.

"हाय," भाविका म्हणाली.

मी हरखले. हात हलवून मीही तिला 'हाय' केलं. पुन्हा डबा, पुन्हा तेच. असे आमचे नमस्कार-चमत्कार चालले होते आणि दाराशी साईनाथ तोंडावर रुमाल धरून हसत होता.

"मॅडम, ती तुमाला हाय-हॅलो नाय करत," तो शेवटी म्हणाला. "डब्यात हाय, आसं सांगते. हाय म्हंजे आहे."

मी रिकामा डबा पुढे केला. भाविकाने आत डोकावलं.

"नाय."

पोरगी बोलत होती, मलाच ऐकू येत नव्हतं. लाज वाटली आणि डोळेही भरून आले.

आई बरी झाली तरी काकाच येत राहिला. साजगावच्या कारखान्यातली पाळी बदलून घ्यायचा. म्हणे, भाविकाला त्याची सवय झालीय. भाविका तर आल्याआल्या त्याला विसरून फुग्यांमागे धावायची. एकदा त्याने विचारलं, मोठ्या माणसाची आवड कशी ओळखता? मी म्हटलं, तशीच — कुणी न सांगता तो कुठे जातो ते बघायचं.

"मग माजी ओळखली का नाय अजून?"

ओळखली होती — केव्हाच.

"साईनाथ, तुम्ही भाविकाचे काका आहात," मी म्हणाले.

शिकवणाऱ्या बाईने मुलाच्या घरच्यांत जीव गुंतवायचा नाही, हा आमच्या कामाचा नियम. शिकवणं संपल्यावरही दोन वर्षं. मी 'हो' म्हटलं असतं तर भाविकाला दुसरी बाई शोधावी लागली असती, तीही थेट पनवेलला. आत्ता कुठे तिला शब्द फुटत होते... मी त्याला सगळं सांगितलं. त्याने फुग्यांमागे धावणाऱ्या भाविकाकडे पाहिलं.

"आदी तिचं होऊ द्या," म्हणाला.

पुढच्या आठवड्यापासून भाविकाची आई येऊ लागली. मला किती जड गेलं, ते माझं मला माहीत.

भाविका शाळेत गेली, माझ्याकडे नवी मुलं आली. तिचं शिकवणं संपून दोन वर्षं उलटली. त्याचा ना फोन, ना निरोप. विसरला असेल, असं मी मनाला समजवायचे. पण दार वाजलं की मान वर व्हायचीच.

परवा तो दारात उभा राहिला — एकटाच.

"भाविका शाळेत गेलीय," त्याने न विचारताच सांगितलं. "आता तुमी तिच्या मॅडम नाय ना?"

"नाही."

"मग... नावानं हाक मारू?"

"मार ना," मी म्हणाले. "किती उशीर केलास."